तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर आहार आणि दिनचर्या कशी ठेवावी

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो तो पथ्याचा: काय बंद करायचे? साखर बंद, दूध बंद, मांसाहार बंद, आंबट बंद अशी यादी दोन दिवसांत तयार होते आणि भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक तिच्यात आपली भर घालून जातो. माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा आम्हीही हेच केले, आणि उपचार सुरू होण्याआधीच त्यांचे वजन चार किलोंनी उतरले. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आमची यादी शांतपणे वाचली आणि सांगितले की यातले तंबाखू, सुपारी आणि दारू एवढेच कायमचे वर्ज्य धरा. बाकीच्या बाबतीत काय कमी करायचे याऐवजी कशात काय घालता येईल याचा विचार करा. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्याच्या उपचारांत सर्वांत आधी अडते ते खाणेच, म्हणून इथे याच आजाराबद्दल सविस्तर लिहिले आहे.

उपचार सुरू होण्यापूर्वी

तंबाखू म्हणताना केवळ चुना-तंबाखू आणि विडी-सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा लावली जाणारी मिश्री, विदर्भातला खर्रा, मावा आणि पान हे सगळे त्यात येते. मिश्रीला आपल्याकडे व्यसन म्हणत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले तर अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ असे उत्तर देतात. म्हणून मिश्रीचे नाव घेऊन सांगावे. तंबाखू नसलेली सुपारीदेखील निर्धोक नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून मिळतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

‘आता रोग झालाच आहे, सोडून काय उपयोग?’ असे रुग्ण विचारतो. उपयोग खरोखर मोठा आहे. तंबाखू सुटल्यावर शस्त्रक्रियेची जखम चांगली भरते, किरणोपचारांचा परिणाम अधिक होतो आणि त्याच तोंडात दुसरी गाठ उद्भवण्याचा धोका कमी होतो. पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड आणि बेचैनी असते. तलफ मात्र काही मिनिटांची असते, तेवढा वेळ थंड पाण्याचे घोट घेत, चालत किंवा कोणाशी तरी बोलत काढावा. तोंडात जखम असताना निकोटिनचा च्युइंगम सोसत नाही, म्हणून पट्टी लावायची की गोळ्या घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारावे. 1800-112-356 या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी निःशुल्क मार्गदर्शन मिळते. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खिशात पुडी असेल, तर तिनेही त्याच दिवशी घराबाहेर जावे.

किरणोपचार ठरले असतील तर आधी दंतवैद्याकडे जाणे अत्यंत महत्त्वाचे आहे. किडलेले किंवा हलणारे दात काढायचे असतील तर जखम भरायला साधारण दोन आठवडे मिळतील अशा बेताने आधीच काढावेत, कारण किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात नंतर काढल्यास तिथले हाड मृत होण्याचा धोका असतो. हा धोका वर्षानुवर्षे राहतो. पुढे कधीही दातांच्या दवाखान्यात गेलात तरी पहिल्याच वाक्यात हा इतिहास सांगा.

याच आठवड्यात वजनाची वही सुरू करावी. एकाच काट्यावर, सकाळी, आठवड्यातून एकदा वजन करून लिहावे. महिन्याभरात मूळ वजनाच्या 5 टक्के घट, म्हणजे 60 किलोंच्या माणसात 3 किलो, ही डॉक्टरांना लगेच सांगण्याची गोष्ट आहे.

किती खावे आणि कशातून

उपचारांच्या काळात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोंच्या माणसाला साधारण 1500 ते 1800 कॅलरी आणि 60 ते 90 ग्रॅम प्रथिने. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास हे आकडे आहारतज्ज्ञच ठरवतील. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 200 मिली दुधातही तितकीच, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9 ग्रॅमच्या आसपास आणि 100 ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीत 20 ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात. वरणाची वाटी पातळ की दाट यावर सगळे अवलंबून आहे. आपण रुग्णाला प्रेमाने जे वरणाचे पाणी देतो, त्यात पाणीच जास्त असते. डाळ दाट शिजवून घोटावी आणि वरून चमचाभर तूप घालावे. त्या एका चमच्यातून 45 कॅलरी मिळतात आणि घास घशाखालीही सहज उतरतो.

रुग्णाकडून मोठे ताट संपवण्याची अपेक्षा ठेवू नये. दिवसाचे सहा ते आठ छोटे भाग करावेत आणि भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे ते द्यावेत. अनेक दिवस अन्न जवळजवळ बंद असलेल्या रुग्णाला मात्र एकदम भरपूर देऊ नये. त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते, म्हणून अशा वेळी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.

तोंड आल्यावर

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस असे सहा ते सात आठवडे चालतात. पहिला आठवडा बरा जातो आणि घरच्यांना वाटते की आपण यातून सहज निभावलो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ घट्ट होते, चव जाते आणि पाण्याचा घोटही झोंबतो. उपचार संपल्यानंतरही हा त्रास काही आठवडे राहतो, याची कल्पना रुग्णाला आधीच द्यावी, म्हणजे ‘उपचार संपले तरी बरे का वाटत नाही’ या भीतीने तो खचत नाही.

या काळात आपले जुने आजारपणातले जेवण फार उपयोगी पडते. गुरगुट्या भात आणि तूप, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तांदळाची पेज, दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व, रव्याची पातळ खीर, मऊ उकडलेल्या अंड्याचा बलक, दुधात कुस्करलेले केळे, दुधी किंवा लाल भोपळ्याचे गाळलेले सूप यांपैकी जे उतरेल ते द्यावे. दुधात दोन चमचे दूध पावडर मिसळली की घोट तेवढाच राहतो आणि प्रथिने वाढतात. आंबील पौष्टिक असली तरी तिचा आंबटपणा झोंबतो. सोलकढी, लिंबू, चिंच, टोमॅटो, लोणचे आणि हिरव्या मिरचीचे पदार्थ काही महिने बाजूला ठेवावेत. टोस्ट, चिवडा, कडक भाकरी यांच्या कडा ओरखडे काढतात. भाकरीवाचून जेवण अपुरे वाटत असेल तर तिचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग कोमट दुधात भिजवून कुस्करावा. पदार्थ कोमट किंवा गार असावा, वाफाळता नको.

वेदनाशामक औषध डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास घेतले, तर त्या अर्ध्या-पाऊण तासात खाणे शक्य होते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी हलक्या गुळण्या कराव्यात. बाजारातील अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरू नये. दातांसाठी अगदी मऊ ब्रश घ्यावा. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा.

नळीबद्दल

नाकातून नळी घालायची म्हटली की घरात रडारड सुरू होते, कारण नळी म्हणजे शेवट अशी समजूत आहे. तोंडाच्या कर्करोगात ती बहुतेक वेळा काही आठवड्यांची सोय असते. तिच्यामुळे तोंडाला विश्रांती मिळते आणि पोषण न तुटल्याने उपचार मध्येच थांबवावे लागत नाहीत, आणि किरणोपचारांत खंड न पडणे फार महत्त्वाचे असते. आम्ही दहा दिवस हट्टाने नळी नाकारली, ते दहा दिवस मला अजून सलतात.

नळीतून द्यायचा आहार मिक्सरमध्ये अगदी बारीक करून गाळून घ्यावा. रुग्णाला बसवून किंवा पाठीमागे उशा देऊन डोके उंच ठेवावे, आहारतज्ज्ञांनी सांगितलेले प्रमाण, बहुधा 200 ते 250 मिली, दर दोन-तीन तासांनी सावकाश सोडावे आणि त्याआधी व नंतर सुमारे 30 मिली स्वच्छ पाणी सोडून नळी धुवावी. त्यानंतर अर्धा ते एक तास आडवे होऊ देऊ नये. नाकापाशी नळीवर केलेली खूण सरकलेली दिसली किंवा रुग्णाला ठसका लागू लागला, तर काहीही न सोडता रुग्णालय गाठावे.

साखर, काढे आणि उपास

‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हा समज लोकांच्या मनात खोल रुजला आहे. शरीरातील सर्वच पेशी ग्लुकोज वापरतात आणि साखर तोडली तरी शरीर इतर अन्नातून, गरज पडल्यास स्नायू झिजवून ते तयार करते. मधुमेह नसेल तर खिरीतली चमचाभर साखर नाकारण्याचे कारण नाही. केवळ रसांवर राहणे, गव्हांकुर, गोमूत्र, अनोळखी भस्मे यांपायी उपचार लांबवणे मात्र घातक आहे. घरात कोणता काढा किंवा गोळी सुरू असेल तर ती लपवू नका. काही वनस्पतींचा यकृतावर ताण पडतो आणि केमोथेरपीच्या औषधांशी त्यांचा संघर्ष होऊ शकतो. स्वयंपाकातली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल विचारूनच घ्याव्यात.

एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार यांचे उपास उपचार संपेपर्यंत सोडावेत. श्रद्धाळू माणसाला हे सांगणे अवघड जाते. आमच्याकडे आईने वडिलांच्या वाटचा उपास स्वतः धरला आणि प्रश्न सुटला.

केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून उघड्यावरची फळे, उसाचा रस, पाणीपुरी आणि कच्ची कोशिंबीर टाळून ताजे शिजवलेले अन्न व उकळलेले पाणी द्यावे. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जावे. दिवसभर पाणीही गिळता न येणे किंवा प्रत्येक घोटाला ठसका लागणे यालाही तेवढ्याच तातडीने उपचार हवेत.

हालचाल

झोपून राहिल्याने स्नायू झिजतात आणि थकवा वाढतो. जमेल त्या दिवशी दहा मिनिटे, मग सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे असे चालणे वाढवावे. उपचारांनंतर आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत पोहोचावे. परगावाहून मुंबईत येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहणाऱ्या रुग्णांनाही आवारातल्या फेऱ्या सहज जमतात. मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा आखडतो, त्यासाठी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करावेत.

त्याहून अधिक दुर्लक्षित राहतो तो तोंड उघडण्याचा व्यायाम. निरोगी तोंडात साधारण तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर जबडा आखडत जाऊन एक बोटही मावेनासे होऊ शकते. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची, हा साधा उपाय सुरुवात केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारून दिवसातून अनेक वेळा, कित्येक महिने करावा लागतो. तोंड बंद झाल्यावर ते पुन्हा उघडणे फार कठीण जाते.

तोंडाचा कोरडेपणा दीर्घकाळ राहतो, तेव्हा पाण्याची बाटली कायम जवळ असावी आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून गालांच्या आतल्या बाजू, जिभेच्या कडा आणि हिरड्या पाहाव्यात. नवा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आढळल्यास पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट न पाहता दाखवून यावे.