जुनं आरसीसी घर दुरुस्त करताय? या चुका टाळा

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, विठ्ठलराव दातारांमुळे. पुढे मागांवर पैसा झाला आणि कौलारू घरं सोडून लोक सपाट गच्ची, लांब छज्जे, लोखंडी खिडक्या अशा घरांत राहायला गेले. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यासाठी थेट ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाला बोलावलं. आमच्या आजोबांना गावातला मिस्त्री पुरला. त्या साठीच्या दशकातल्या घराची दुरुस्ती करताना घातलेले घोळ सांगतो.

सगळ्यात महागात पडला तो स्लॅबचा. स्वयंपाकघरात पोपडा पडला, आत गंजलेली सळई दिसली. ठेकेदाराने तारेचा ब्रश फिरवला, सिमेंट थापलं, वर रंग. दोन पावसाळ्यांनंतर त्याचं ठिगळ ठणठणीत होतं, पण भोवतीचा स्लॅब गोलाकार तडकला होता! कारण असं: ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि तो गुण जातो. मग ओल मिळाली की गंज धरतो, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट फुटतं. ठिगळाखालची सळई वाचते, शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली मात्र उलट जोरात गंजायला लागते.

म्हणून आधी तपासणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथेलीन (अल्कधर्मी गुण असला की गुलाबी होणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तर ठीक. रंग आलाच नाही तर तिथलं संरक्षण संपलंय. टेकू लावून, गंज संपेपर्यंत सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायचं, मगच दुरुस्तीचा मसाला. सळई झिजून बारीक झाली असेल तर मिस्त्रीचा अंदाज पुरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा.

गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या उताराच्या थरावर) नवा कोबा टाकणं हे तर गावोगाव चालतं. चार इंची वीटतुकड्यांचा कोबा चौरस फुटाला साधारण १८ किलो भरतो. हजार फुटांच्या गच्चीवर म्हणजे १८ टन, तेही आधीच थकलेल्या स्लॅबवर. जुना कोबा उतरवा, स्लॅब तपासा, उतार पुन्हा काढा. आमच्याकडे तर पाणी गच्चीतून येतच नव्हतं, पन्हाळीचं तोंड तुंबलं होतं. हे कळायला दोन वर्षं गेली.

छज्जाच्या खालच्या कडेला एक खाच ओढलेली असते, थेंब तिथेच तुटून पडावा म्हणून. गिलावा करताना ती हमखास बुजवतात, आणि मग पाणी छज्जाखालून सरकत भिंतीवर येतं.

लोखंडी खिडकी लागत नाही म्हणून भंगारात घालू नका. बहुतेक वेळा दोष बिजागरीत साचलेल्या ऑइलपेंटच्या थरांचा असतो. रंग खरवडा, गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात द्या, काचेभोवतीची लांबी (पुटी) नवी भरा. तिच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लावली तर अर्धीच उघडते. मे महिन्यात फरक कळेल.

मोझेकवर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवू नका. खालची फरशी दगडाने घासून पुन्हा चमकते. तिच्यातले संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट दोन्ही ॲसिडने खाल्ले जातात, तेव्हा बाथरूमवालं ॲसिड घेऊन कुणी साफ करायला आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.