कंपनीचा मेडिक्लेम निवडताना आधी खोलीभाडं बघा

पगार ईएसआयच्या (सरकारी कामगार विमा) महिना 21,000 च्या मर्यादेपेक्षा जास्त असला की बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेकडच्या बऱ्याच कारखान्यांत ग्रुप मेडिक्लेम मिळतो. एचआरवाले दोन-तीन प्लॅनचा कागद पुढ्यात ठेवतात आणि आपण पगारातून कमी कापणाऱ्यावर सही ठोकतो. सहीआधी एवढं करा:

1. ‘रूम रेंट’ची ओळ शोधा. 5 लाखांच्या विम्यावर 1 टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला 5,000. खोली 8,000 ची घेतली, तर वरचे 3,000 भरून सुटका होत नाही. बहुतेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. खरी गोची इथंच. मर्यादा नसलेला प्लॅन थोडा महाग पडला तरी घ्या.

2. कॅशलेसच्या (बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते) यादीत बेळगावबरोबर कोल्हापूर-मिरजेची हॉस्पिटलं आहेत का बघा. मोठ्या दुखण्याला आपण तिकडंच पळतो.

3. आई-वडिलांना घालणार असाल तर को-पे, म्हणजे क्लेममधला आपला वाटा किती, ते विचारा. 20 टक्के म्हणजे 2 लाखांच्या मंजूर क्लेममध्ये 40,000 आपल्या खिशातून.

नोकरी सुटली की हे कवचही जातं. राजीनाम्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, ते लेखी विचारा.