अमेरिकेत दुसऱ्या राज्यात विमा विकायचाय? परवान्याच्या अर्जात या चुका टाळा

भारतात आयआरडीएआय या विमा नियामकाकडे नोंदणी झाली की कंपनी कोल्हापुरातही पॉलिसी विकते आणि कोहिमातही. अमेरिकेत तसं चालत नाही. 1945च्या मॅकरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांच्याच हाती ठेवलं, म्हणून सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी, म्हणजे विमा विकण्याचा परवाना, प्रत्येक राज्याचं वेगळं घ्यावं लागतं.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ओहायोची कंपनी टेक्सासच्या लेखी ‘फॉरेन’. देशाबाहेरची असेल तर ‘एलियन’. मूळ राज्याचा परवाना हातात असलेल्या कंपनीने नव्या राज्यासाठी एक्स्पान्शन अर्ज भरायचा. प्रायमरी अर्ज नव्या कंपनीचा. आणि मूळ राज्यात फक्त आगविम्याची परवानगी असताना नव्या राज्यात मोटार विमाही मागू नका. आधी घरची परवानगी वाढवून घ्या. काही राज्यं तीन वर्षांचा व्यवसायाचा अनुभवही मागतात. अर्जाची फी भरण्याआधी हे तपासा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकू शकतात ते संचालक-अधिकाऱ्यांच्या बायोग्राफिकल ॲफिडेव्हिटमध्ये, म्हणजे स्वतःच्या माहितीच्या शपथपत्रात. त्यात 20 वर्षांच्या नोकऱ्या लिहायच्या असतात. दोन नोकऱ्यांमध्ये आठ महिने मोकळे दिसले की प्रश्न येणारच, तेव्हा त्या काळात काय करत होता तेही लिहा. नावात आद्याक्षरं चालत नाहीत. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी इथे विशेष जपावं: पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, पदवीवर माहेरचं आडनाव आणि कंपनीच्या कागदांवर नुसतं ‘एस. व्ही.’ असेल, तर पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेला ही एकच व्यक्ती वाटत नाही. आधी वापरलेली सगळी नावं त्या रकान्यात भरा.

परवाना मिळेपर्यंत ‘सरप्लस लाइन्स’मधून (त्या राज्याचा परवाना नसलेल्या कंपनीचा विमा विकण्याच्या मार्गाने) विकू, हा विचारही चुकीचा. तिथे त्या राज्याचा परवानाधारक सरप्लस लाइन्स ब्रोकर लागतो, आणि नियमित बाजारात मिळत नाही अशा जोखमीसाठीच तो मार्ग आहे.

कराचा हिशेब करताना नुसता नव्या राज्याचा दर धरू नका. इलिनॉयमध्ये प्रीमियम टॅक्स 0.5 टक्के, कॅलिफोर्नियात 2.35. कॅलिफोर्नियाच्या कंपनीने इलिनॉयमध्ये 10 लाख डॉलर प्रीमियम गोळा केला, तर कर 5,000 डॉलर वाटतो. पण कंपनीच्या मूळ राज्याचा दर जास्त असेल तर लागणाऱ्या ‘रिटॅलिएटरी टॅक्स’मुळे इलिनॉय वरचा फरकही घेतं आणि इतर फी बाजूला ठेवल्या तरी बिल 23,500 डॉलरवर जातं. पॉलिसीचे दर ठरवतानाच हे 18,500 डॉलर धरा.