भाजलेल्या मातीचं काँक्रीट: कोकणातल्या साइटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कॅल्साइन्ड क्लेचं, म्हणजे भाजलेल्या मातीचं, काँक्रीट करायची वेळ आली, तर पहिल्या दिवसापासून पाण्यावर नजर ठेवा. बाकीचं जमत जातं. हे पाण्याचं जमवताना माझी फार दमछाक झाली.

चिनी माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की सिमेंटमधल्या चुन्याशी प्रक्रिया करते. जोडीला चुनखडीची पूड असली तर काँक्रीटमधली छिद्रं आणखी बारीक होतात आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत सहज पोचत नाही. किनाऱ्यावर याहून मोठा फायदा कुठला? अशा सिमेंटसाठी २०२३ पासून आयएस १८१८९ हे भारतीय मानक आहे, ते वाचाच.

आता पाणी. या मातीचे कण बारीक आणि चपटे, पाणी धरून ठेवणारे. पाणी न वाढवता काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन म्हणजे ॲडमिक्श्चर; त्याचा नेहमीचा डोस पुरत नाही. प्लँटवर स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) १५० मिमी मिळतो, आपण निर्धास्त होतो, आणि गाडी घाटातून साइटवर येईपर्यंत माल घट्ट! पंपावरचा माणूस ओरडतो, "साहेब, माल सुटत नाही, पाणी मारा!" मागे गाड्यांची रांग, मिस्त्री तुमच्या तोंडाकडे बघतोय. तरीही पाणी मारू देऊ नका. पाणी-सिमेंटचं ०.४०चं प्रमाण हुकलं की ज्या बारीक छिद्रांसाठी एवढा खटाटोप, तीच मोठी होतात. ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, कदाचित पासही होईल, सळई मात्र गंजेल.

म्हणून ट्रायल मिक्स (चाचणीचं मिश्रण) भर दुपारी घ्या, साइटवरचीच वाळू आणि तेच सिमेंट वापरून. स्लंप लगेच मोजा, मग अर्ध्या, एक आणि दीड तासाने. डोस त्यावरून ठरवा. गाडीत वरून किती ॲडमिक्श्चर घालायचं हेही तेव्हाच लिहून ठेवा.

पुरवठादाराच्या तक्त्यावरून मिक्स उचलणं मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा प्लँटवरचा जुना लॅब टेक्निशियन गाठा. वाळू मुठीत दाबून ओलीचा अंदाज सांगणारी ही माणसं कुठल्याही सेमिनारपेक्षा जास्त शिकवतात. (ओल तरी ओव्हनमध्ये तपासाच.)

पहिल्या दिवसाचा क्यूब कमी भरला तर घाबरू नका, ताकद पुढे येते. फक्त फॉर्मवर्क (साचा) काढायची घाई नको. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान १० दिवस. पाऊस पडतोय म्हणून कॉलम भिजतोय असं धरून चालू नका. छपराखालच्या बाजूला गोणपाट लावून पाणी मारावंच लागतं.