मत पानावरचा लेख तपासायचा कसा

नाशिकला वर्तमानपत्राच्या डेस्कवर (म्हणजे संपादन विभागात) नवीन लागलेल्यांसाठी सांगतो. आधी लेख पूर्ण वाचा, काही न सुधारता, नाहीतर पहिल्या परिच्छेदातच वेलांट्या नीट करत बसाल आणि शेवटी कळेल की मुद्दाच उलटा फिरलाय. मत लेखकाचं, पटो न पटो, हात लावायचा नाही, पण आकडा, तारीख, नाव चुकलं तर शिव्या आपल्याला. कांद्यावर लेख आला (येतोच!) तर बघा, ४० टक्के निर्यात शुल्क ऑगस्ट २०२३ चं आणि निर्यातबंदी डिसेंबर २०२३ ची, लोक दोन्हीची खिचडी करतात. सिंहस्थाचंही तसंच, मागचा २०१५ ला, त्याआधीचा २००३ ला. कुणावर थेट आरोप असेल तर पुरावा मागा, नसेल तर वाक्य काढा, पण लेखकाला फोन करूनच. मी एकदा न विचारता नुसतं 'कदाचित' उडवलं, अंदाजाचा सरळ आरोप झाला, आणि दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला चहा पिताना फोनवर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जागा कमी पडली तर विशेषणं कापा, उदाहरणं ठेवा. मथळा सगळ्यात शेवटी, आणि लेखात नाही ते त्यात घुसवू नका.