पावसाळ्यातली मधपेटी आणि बरणीतला मध

सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरी (पेटीत पाळतात त्या देशी) मधमाश्यांचे उपासमारीचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर. म्हणून मे महिन्यात मध काढताना खालच्या, पिलांच्या कप्प्यातल्या चौकटींना (ज्यांवर माश्या पोळं बांधतात त्यांना) हात लावू नका. तो मध माश्यांचा आहे. तरीही पेटी हलकी लागली, तर साखर-पाणी समप्रमाणात घेऊन केलेला गार पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर थेंबही सांडू नये, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या, म्हणजे पेटी ठेवायच्या स्टँडच्या, पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच.

उघडीप मिळाली की तळपाट, म्हणजे पेटीच्या तळाची फळी, झाडा आणि माश्यांनी सोडलेली जुनी, काळी पोळी काढून वितळवा. मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, तिथेच वाढतो आणि त्याच्या त्रासाने अशक्त वसाहत पेटी सोडून जाते. हे काम टाळू नकाच.

मध हवेतली ओल ओढतो. पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेलं की आंबण्याचा धोका वाढतो. त्यामुळे मेणाने बंद झालेल्या चौकटींचाच मध काढा, कोरड्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. थिजून रवाळ झाला तर भेसळ समजू नका. बरणी 40 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. थेट आचेवर कधीच नको.