खड्डे खणण्याआधी खुंट मोजा

पानगळ झाली की डोंगरउतारावरचं खुरटं रान उघडं पडतं आणि जमिनीलगतचे खुंट नजरेत भरतात. वनजमिनीचं काम हाती घेणाऱ्या समितीने जानेवारी-फेब्रुवारीतच मोजणी उरकावी. पावसाळ्याच्या तोंडावर रोपं आली की मग सगळं लक्ष खड्ड्यांकडे जातं. त्या गडबडीत कित्येकदा धावड्याचा किंवा सागाचा जिवंत खुंट उकरून तिथेच त्याच जातीचं वीतभर रोप लावलं जातं. जुन्या खुंटाचं मूळ खोल गेलेलं असतं, त्याचा फुटवा पहिल्याच पावसात माणसाच्या कमरेला लागतो. पिशवीतल्या रोपाला तेवढं व्हायला दोन-तीन वर्षं जातात, तीही ते उन्हाळ्यातून तगलं तर.

मोजणीसाठी उतारावर वर, मध्ये आणि खाली मिळून किमान पाच ठिकाणी २० मीटर बाय २० मीटरचे चौकोन आखा. जिवंत खुंट आणि गुडघ्याएवढी नैसर्गिक रोपं मोजा. खुंट जिवंत आहे का, हे साल नखाने खरवडून कळतं: आत हिरवट-ओलसर असेल तर जिवंत. पाच चौकोनांची सरासरी काढून २५ ने गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. तो चार-पाचशेच्या वर गेला, तर सलग लागवडीचा हट्ट सोडा आणि रोपं फक्त मोकळ्या जागी भरा. राष्ट्रीय वनीकरण कार्यक्रमातही कृत्रिम लागवडीसाठी हेक्टरी ११०० आणि नैसर्गिक पुनरुत्पत्तीला साहाय्य करण्यासाठी (म्हणजे आहेत ते खुंट आणि रोपं राखून रान वाढू देण्यासाठी) हेक्टरी २०० रोपं धरलेली होती. सूक्ष्म आराखड्यात, म्हणजे गावाच्या वनकामाच्या नियोजनात, यांतला योग्य लागवडीचा प्रकार मागायचा, तर हा मोजणीचा कागद जोडलेला बरा.

आता छाटणी. एकेका खुंटावर दहा-पंधरा धुमारे असतात आणि ते एकमेकांचं अन्न खातात. त्यातले सरळ, जोमदार आणि शक्यतो जमिनीलगत फुटलेले एक-दोनच ठेवा. उंच खुंटाच्या टोकाला फुटलेला धुमारा वाऱ्यात मोडतो, कारण त्याचा जोड कुजक्या लाकडावर असतो. बाकीचे धारदार कोयत्याने बुडापासून तिरका काप देऊन काढा. बोथट हत्याराने साल सोलवटली की तिथून कुजायला सुरुवात होते. ठेवलेल्या धुमाऱ्याच्या बाजूच्या फांद्या फार तर निम्म्या उंचीपर्यंतच काढा. हे काम पावसात करू नका, आणि वनखात्याच्या जमिनीवर तर लेखी परवानगीशिवाय कोयता लावूच नका. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेचा ठराव हवा. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि पुन्हा उभं करण्याचा हक्क देतो, पण तो सामूहिक आहे, एकट्या शेतकऱ्याचा नाही.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, त्याआधी साफ हवी: रुंदी निदान ६ मीटर, पाला पूर्ण झाडलेला. गवत जाळायचं असेल तर सकाळच्या गारव्यात आणि वनरक्षक हजर असतानाच. एका वणव्यात वर्षभराचे धुमारे जातात. खुंट पुन्हा फुटतो खरा, पण दरवर्षी असं झालं की मुळातला साठा संपून तोही मरतो. चराईबंदीचंही तेच गणित आहे: शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत बंदी ठेवा, गवत कापून नेण्याची मुभा मात्र द्या. चारा मिळाला तर कुंपण तोडायला कोणी येत नाही.

घाणेरी (लँटाना) नुसती कापून उपयोग नाही, ती दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडून झुडूप उलटं टाका, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे फळं धरण्याआधी करा. मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्या पावसाबरोबर स्थानिक गवताचं बी टाका, नाहीतर पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली घाणेरीच तिथे परत उगवते. ज्या झाडांवर पक्षी बसतात, त्यांच्याखाली पुढची दोन वर्षं नजर ठेवा.

पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीवर खणलेले समतल चर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल पुरतात. मातीचा बांध खालच्या अंगाला घाला. पातळी ए-फ्रेमनेच (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) काढा. डोळ्याच्या अंदाजाने काढलेल्या चरात पाणी एका टोकाला साचतं, बांध फुटतो आणि खाली घळ पडते. वाटेत जिवंत खुंट आला तर चर तिथे तोडा आणि पुढे पुन्हा सुरू करा.

मोकळ्या जागेत बी टोबायचं तर खैराचं बी उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर राहू द्या. सागाच्या फळांना आठवडाभर आळीपाळीने भिजवणं आणि उन्हात वाळवणं लागतं. कडुनिंबाचं बी मात्र साठवू नका. ते काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतं, म्हणून जमवताच लावा.